पत्ता तोच, जागा नवी

आता आपल्या नात्यागोत्यात असं घर शोधावं लागतं, जिथला एकही मुलगा किंवा मुलगी 'कॉम्प्युटर लाइनीत' नाही. रिश्त्याच्या बोलणीत तेवढे दोन शब्द पुरतात. पुढे कुणी विचारत नाही आणि विचारलंच, तर सांगणारा 'सॉफ्टवेअर' म्हणून मोकळा होतो. आम्ही दोघं मियाँ-बीवी याच लाइनीत आहोत. सर्व्हर सांभाळणं हे आमचं काम. पण आमच्या घरीही अम्मींना बरीच वर्षं इतकंच माहीत होतं, की पोरांना रात्री-अपरात्री फोन येतो आणि दोघं लॅपटॉप उघडून बसतात. एकदा त्यांनी सरळच विचारलं, "त्या डब्यात तुम्ही नेमकं करता तरी काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहितो आहोत. सगळ्या कामाबद्दल नाही, त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल. चालू असलेल्या प्रोग्रामचं सामान, त्याला कळू न देता, एका जागेवरून दुसऱ्या जागी कसं नेतात याबद्दल.

कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक प्रोग्रामला काम करताना आपला पसारा कुठेतरी मांडावा लागतो. ती जागा म्हणजे मेमरी. दुकानात मोबाइल घेताना आपण 'रॅम किती?' म्हणून विचारतो, तीच. ही जागा प्रोग्रामच्या मालकीची नसते. तिचा कारभार कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे असतो. कर्नल हा या घरातला मुनीम समजा. तो सगळी मेमरी सारख्या आकाराच्या तुकड्यांत मोजतो. आपल्याकडच्या बहुतेक सर्व्हरवर हा तुकडा 4096 बाइटचा असतो आणि त्याला 'पान' म्हणतात. प्रोग्रामने जागा मागितली की कर्नल एक मोकळं पान देतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो, की या प्रोग्रामच्या अमुक पत्त्यामागे खरी जागा तमुक. प्रोग्रामला ठाऊक असतो तो फक्त पत्ता. त्या पत्त्यामागची चिप कोणती, ती मशीनच्या कोणत्या कोपऱ्यात बसवली आहे, याच्याशी त्याला सहसा देणंघेणं नसतं.

पत्ता वेगळा आणि जागा वेगळी, एवढं मनात ठेवलं की पुढचं सोपं आहे. वहीतली एक ओळ बदलली की पत्ता तोच राहतो आणि जागा नवी होते.

पण जागा बदलायची कशाला? घरच्या कॉम्प्युटरमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे प्रोसेसर एक, मेमरी एक. मोठ्या सर्व्हरमध्ये मात्र एकाच डब्यात दोन किंवा चार प्रोसेसर असतात. पूर्वी अशा बहुतेक मशीनमध्ये सगळे प्रोसेसर एकाच वाटेने एकाच मेमरीकडे जात. प्रोसेसर वाढले, वेगवान झाले आणि त्या वाटेवर गर्दी व्हायला लागली. एएमडीने 2003 मध्ये ऑप्टेरॉन आणला, त्यात प्रत्येक प्रोसेसरला त्याची मेमरी थेट जोडलेली होती. इंटेलचे झिऑन 2009 पासून त्याच वाटेने गेले. प्रोसेसर आणि त्याच्या शेजारची मेमरी मिळून जो संच होतो, त्याला 'नोड' म्हणतात. या सगळ्या रचनेचं नाव न्यूमा.

गावाकडचं एकत्र कुटुंबाचं दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. खाली एका भावाची चूल, वर दुसऱ्याची, आणि दोन्ही चुलींशेजारी आपापली कोठी. हिस्से पडलेले नाहीत. वरच्या जावेला खालच्या कोठीतून तांदूळ घ्यायला कुणी अडवत नाही. फक्त जिना उतरावा लागतो. एकदा उतरण्याचं काही वाटत नाही. पण वरच्या चुलीचं सगळंच सामान खालच्या कोठीत असेल, तर दिवसभर जिना झिजवण्यातच बाई दमून जाईल. त्यात खालच्या घरचीही माणसं त्याच जिन्यावर असली तर विचारायलाच नको.

सर्व्हरमधला जिना म्हणजे दोन प्रोसेसरना जोडणारी तार. शेजारच्या मेमरीतून एखादी गोष्ट उचलायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट वेळ पलीकडच्या नोडवरून उचलायला लागतो. लिनक्सला विचारलं तर तो नोडांमधलं अंतर आकड्यांत सांगतो. स्वतःच्या नोडचं अंतर नेहमी 10 आणि दुसऱ्याचं बऱ्याच मशीनवर 20 किंवा 21. हे आकडे मशीन बनवणाऱ्याने लिहून दिलेले असतात, कुणी तिथे घड्याळ लावून मोजलेले नसतात, म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नये. जवळ काय आणि लांब काय, एवढं त्यातून कळतं.

पान कोणत्या नोडवर ठेवायचं, हे ठरवण्याची लिनक्सची नेहमीची रीत साधी आहे. ज्या प्रोसेसरवरून पानाला पहिल्यांदा हात लागला, त्याच्या शेजारी ते पान. बहुतेक वेळा ही रीत चांगली चालते, कारण ज्याने मांडलं त्यालाच ते पुढे लागतं. गडबड होते ती मांडणारा एकीकडे आणि वापरणारा दुसरीकडे असला की.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. डेंग्यूची साथ जोरात होती. आम्ही एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा सर्व्हर बघतो. रक्ताचे नमुने तपासणारी यंत्रं आपले निकाल या सर्व्हरकडे पाठवतात, इथून ते वॉर्डात आणि डॉक्टरांच्या पडद्यावर जातात. रात्री साडेनऊला, इशाची नमाज आटोपून जेवायला बसणार, तोच फोन आला. निकाल तुंबले होते. सायंकाळी सातला तपासलेला प्लेटलेटचा आकडा अजून वॉर्डात पोचला नव्हता. यंत्राने रक्त तपासलं होतं, आकडा तयार होता, आणि तो सर्व्हरच्या रांगेत उभा होता. ज्यांच्या घरी डेंग्यू होऊन गेला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. प्लेटलेट साठ हजार आहेत की वीस हजार, यावर रात्रीचे निर्णय ठरतात.

सर्व्हर बंद पडलेला नव्हता. आम्हाला नेहमी वाटतं, बंद पडलेलं मशीन परवडलं, निदान दोष समोर दिसतो. हे मशीन चालत होतं, फक्त थोडं हळू. पण रांगेचा हिशेब विचित्र असतो. तासाला शंभर नमुने येतात आणि एकशे दहा निकाली निघतात, तोवर रांग दिसतही नाही. निकाली निघणारे नव्वद झाले, की दर तासाला दहा मागे पडतात आणि रात्र वाढेल तशी रांग वाढत जाते. चाल जेमतेम पाचव्या हिश्श्याने मंदावलेली असते, पण वॉर्डात बसलेल्या माणसाला ती दोन तासांची होऊन भेटते.

बघितलं तर प्रोसेसरवर भार होता, मेमरी भरपूर मोकळी होती, डिस्क निवांत होती. मग मेमरी नोडांप्रमाणे तपासली आणि उलगडा झाला. त्या एका सर्व्हरवर दोन व्हर्च्युअल मशीन चालत होत्या, म्हणजे एका डब्यात दोन बिऱ्हाडं. प्रयोगशाळेच्या मशीनकडे 32 जीबी मेमरी होती, आणि ती जवळजवळ सगळी नोड शून्यावर होती. आदल्या दिवशी देखभालीच्या वेळी त्या मशीनला नोड एकचे प्रोसेसर नेमून दिले गेले होते, कारण दुसऱ्या बिऱ्हाडाला नोड शून्यावर जागा हवी होती. माणसं वरच्या मजल्यावर गेली आणि कोठी खालीच राहिली. सकाळी नमुने कमी होते, तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही. संध्याकाळी गर्दी झाली, दोन्ही बिऱ्हाडं एकाच जिन्यावर आली, आणि रांग लागली.

लिनक्स हे आपण होऊन दुरुस्त करू शकतो, त्याबद्दल पुढे सांगतो. पण या सर्व्हरवर ती सोय मुद्दाम बंद ठेवलेली होती.

साधा उपाय होता प्रोसेसर परत नोड शून्यावर आणण्याचा. तो जमत नव्हता. तिथे आता दुसरी मशीन बसली होती आणि तिला एक नेटवर्क कार्ड थेट जोडून दिलेलं होतं. असं कार्ड प्रोसेसरला न विचारता स्वतः मेमरीत लिहितं, म्हणून त्या मशीनची सगळी पानं जागच्या जागी खिळवलेली असतात. ती हलवता येत नाहीत. म्हणजे हललो तर आपणच. आता दोनच वाटा उरल्या. एक, प्रयोगशाळेची मशीन बंद करून पुन्हा चालू करायची, म्हणजे मेमरी आपोआप नव्या नोडवर मांडली जाईल. पण मग रक्त तपासणारं प्रत्येक यंत्र पुन्हा जोडून घ्यायचं, त्याची खात्री करायची. अर्धा तास गेला असता आणि त्या अर्ध्या तासात एकही निकाल कुणाला दिसला नसता. दुसरी वाट म्हणजे मशीन चालू असतानाच तिची पानं हलवायची.

आमच्या दोघांत एकमत नव्हतं. एकाचं म्हणणं, बंद करून चालू करण्याचा धोका ओळखीचा आहे, त्याची वेळ ठाऊक आहे, डॉक्टरांना सांगता येते. दुसऱ्याचं म्हणणं, पानं हलवणं हे कर्नलचं रोजचं काम आहे, ते कसं करतो हे आपण वाचलेलं आहे, मग भ्यायचं कशाला? अम्मी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बेटा, माणूस जेवत असताना त्याच्या पुढ्यातला दस्तरख्वान ओढून दुसरा घालायचा म्हणता? सांडलं तर?" खरी भीती तीच होती. त्या 32 जीबीत लोकांच्या रक्ताचे आकडे होते, आणि ती आमच्याकडची अमानत होती. एक बाइट इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या नावावर कुणाचा आकडा जाईल, सांगता येत नाही.

म्हणून पान कसं हललं जातं ते नीट बघण्यासारखं आहे. आम्ही त्या रात्री हुकूम दिला तो याच क्रमावर भरवसा ठेवून.

कर्नल आधी ते पान आपल्या नेहमीच्या यादीतून बाजूला काढतो, म्हणजे मध्येच दुसऱ्या कुणाला ते सफाईत काढून टाकावंसं वाटू नये. मग पानाला कुलूप लावतो. पान डिस्कवर लिहिलं जात असेल, तर ते लिहून होईपर्यंत थांबतो. नव्या नोडवर एक मोकळं पान घेतो आणि त्यालाही कुलूप लावतो. नव्या नोडवर मोकळं पान नसेल, तर गोष्ट इथेच थांबते, जुन्याला धक्का लागत नाही. इथवर सामान जागचं हललेलं नाही, नुसती तयारी झाली आहे.

यानंतरची पायरी आम्हाला सगळ्यांत आवडते. त्या पानाकडे बोट दाखवणाऱ्या वहीतल्या सगळ्या ओळी कर्नल शोधतो. पान दोन-चार प्रोग्राममध्ये सामाईक असेल तर तेवढ्या ओळी निघतात. त्या प्रत्येक ओळीच्या जागी तो एक खूणचिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीचा अर्थ असा, की इथलं पान हलवलं जात आहे, थांबा. प्रत्येक प्रोसेसर हल्लीच वापरलेले पत्ते आपल्याजवळ टिपून ठेवतो, दर वेळी वही उघडायला लागू नये म्हणून. ती टिपणंही रद्द करायला लावतात. नाहीतर एखादा प्रोसेसर जुन्या टिपणावरून जुन्याच जागी लिहीत बसेल, आणि ते लिहिलेलं कुणाच्याच हाती लागणार नाही. आता त्या पत्त्याला कुणी हात लावला, तर त्याला चिठ्ठी दिसते आणि तो तिथेच उभा राहतो. त्याला चूक दाखवली जात नाही, रिकाम्या हाताने परत पाठवलं जात नाही. तो फक्त क्षणभर थांबतो.

मग कर्नल मोजतो. या पानावर हक्क सांगणारे किती होते, हे त्याच्याकडे लिहिलेलं असतं. वहीतून काढलेल्यांची संख्या त्याच्याशी जुळली पाहिजे. एक जरी जास्त निघाला, तर वहीत न दिसणारं कुणीतरी ते पान हातात धरून आहे. एखादं कार्ड त्यात थेट लिहीत असेल, किंवा कर्नलचाच एखादा भाग ते वाचत असेल. अशा वेळी कर्नल जोर करत नाही. चिठ्ठ्या काढून जुन्या ओळी परत लिहितो, कुलपं उघडतो, आणि ते पान मागे ठेवून पुढच्याकडे वळतो. थोड्या वेळाने परत येऊन बघतो. लिनक्समध्ये अशा 10 फेऱ्यांपर्यंत प्रयत्न होतो. तरी न सुटलेलं पान न हललेल्यांत मोजलं जातं, आणि हलवण्याच्या या कामाचं कर्नलकडून जे उत्तर येतं ते 'झालं' किंवा 'नाही झालं' असं नसतं. किती पानं हलवता आली नाहीत, त्याचा आकडा येतो. आम्हाला ही रीत मनापासून पटते. आपल्याकडे शंभरातली नव्वद कामं झाली की माणूस 'सगळं झालं' म्हणतो.

मोजणी जुळली की मजकूर नव्या पानावर उतरवतात, 4096 बाइट जसेच्या तसे. पानाच्या अंगच्या खुणाही न्यायच्या असतात, उदाहरणार्थ ते डिस्कवर लिहायचं बाकी आहे का. ही खूण विसरली तर मजकूर आज बरोबर दिसेल आणि उद्या गायब होईल. शेवटी चिठ्ठ्यांच्या जागी नव्या जागेच्या ओळी लिहितात, कुलपं काढतात, थांबलेले पुढे सरकतात. प्रोग्रामला आपल्या पत्त्यावर आपलं सामान जसंच्या तसं मिळतं. जुनं पान रिकामं होऊन दुसऱ्याच्या कामी येतं.

अम्मींच्या दस्तरख्वानाला आम्ही त्या रात्री उत्तर दिलं ते असं. दस्तरख्वान एकदम ओढत नाहीत. एक-एक वाटी उचलतात. ज्या वाटीत कुणाचा हात आहे तिला शिवत नाहीत.

दुसऱ्या वाटेवर आमचं एकमत झालं. त्या रात्रीचा बॅकअप नीट झाला आहे याची खात्री केली, नोड एकवर 32 जीबीहून जास्त जागा मोकळी आहे हे बघितलं, रुग्णालयातल्या ड्युटीवरच्या माणसाला काय करतो आहोत ते सांगितलं. मग 'मायग्रेटपेजेस' हा हुकूम दिला. त्याला तीनच गोष्टी सांगायच्या असतात, प्रोग्रामचा नंबर, कुठून आणि कुठे. 32 जीबी म्हणजे 4096 बाइटची 83,88,608 पानं. मोठी, 2 एमबीची पानं वापरात असली तर तीच संख्या 16,384 वर येते. आमच्याकडे दोन्हींची सरमिसळ होती. दोन मिनिटांच्या आत काम आटोपलं. त्या दोन मिनिटांत निकालांची चाल आणखी मंदावली, ते अपेक्षितच होतं, कारण हलवण्याची मेहनत त्याच प्रोसेसरांना आणि त्याच जिन्याला करायची होती. नंतर रांग उतरायला लागली. साडेअकराच्या सुमारास शेवटचा तुंबलेला निकाल वॉर्डात गेला. तेव्हा कुठे आम्ही जेवलो, आणि जेवण दोनदा गरम करावं लागलं.

नोड शून्यावर साधारण सहा एमबी मागे राहिली, म्हणजे दीड हजारांच्या आसपास पानं. त्यांना कुणीतरी धरून होतं. एवढ्यासाठी आम्ही पुन्हा हुकूम दिला नाही.

ही युक्ती लिनक्सने पहिल्यांदा शोधली असं नाही. एसजीआय या अमेरिकी कंपनीने 1996 मध्ये ओरिजिन 2000 नावाची मशीन काढली होती. तिच्यात प्रत्येक पानाला कोणत्या नोडवरून किती वेळा हात लागतो, हे मोजणारे काटे खुद्द यंत्रातच बसवलेले होते. एखादा लांबचा नोड फार वेळा येतो असं दिसलं की पान त्याच्याकडे नेता येत असे. पुढे त्याच एसजीआयमध्ये काम करणाऱ्या क्रिस्तोफ लामेटर यांनी लिनक्सच्या कर्नलमध्ये पानं हलवण्याचं काम बसवलं. 2006 च्या मार्चमध्ये आलेल्या 2.6.16 या आवृत्तीत एका प्रोग्रामची सगळी पानं एका नोडवरून दुसऱ्या नोडवर नेण्याची सोय झाली. त्याच वर्षी 2.6.18 मध्ये एक-एक पान निवडून हलवण्याची सोय आली. या दुसऱ्या सोयीची गंमत अशी, की कुठे न्यायचं ते न सांगता नुसती पानांची यादी दिली, तर ती काहीच हलवत नाही, प्रत्येक पान सध्या कोणत्या नोडवर आहे तेवढं सांगते. आम्ही हलवण्यापेक्षा विचारण्यासाठीच ती जास्त वापरतो. आणखी एक मर्यादा कर्नलने घातलेली आहे. साध्या वापरकर्त्याला फक्त स्वतःच्या प्रोग्रामची आणि दुसऱ्या कुणाशी सामाईक नसलेली पानंच हलवता येतात. सामाईक सामानाला हात लावायचा तर खास परवानगी लागते. सामाईक अंगणात पिंपं हलवण्यावरून ज्या घरांत भांडणं झाली आहेत, त्यांना याचं कारण समजावून सांगायला नको.

हाताने हलवण्यात मोठी अडचण अशी, की कुणीतरी रात्री जागं असावं लागतं. म्हणून कर्नलने आपण होऊन हे ओळखावं, अशी मागणी होतीच. साध्या मशीनमध्ये एसजीआयसारखे मोजणारे काटे नव्हते, मग कळणार कसं? त्यावर जो तोडगा निघाला तो ऐकायला उलटा वाटतो. कर्नल थोड्या-थोड्या वेळाने प्रोग्रामची काही पानं मुद्दाम झाकतो. सामान जागच्या जागी असतं, फक्त वहीत 'मनाई' लिहिलेलं असतं. प्रोग्रामने हात लावला की तो अडतो आणि कर्नलकडे येतो. कर्नल मनाई काढून टाकतो, पण तेवढ्यात बघून घेतो, की हा हात कोणत्या नोडवरून आला. पोरांनी बिस्किटं नेमकी कोण खातं ते शोधायला डबा उंचावर ठेवावा, तसंच हे.

2012 मध्ये यावर लिनक्सच्या जाणकारांत दोन तट होते. आंद्रेआ आर्कांजेली यांची एक रचना होती, पीटर झिलस्ट्रा यांची दुसरी. दोघांनीही मेहनत घेतलेली, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. मेल गोरमन यांनी दोन्हींतलं घेऊन एक समाईक पाया घातला आणि तो 2013 च्या फेब्रुवारीत 3.8 या आवृत्तीत आला. ही सोय बेताने चालते. एका वेळी 256 एमबीपर्यंतच पानं झाकायची, सुरुवातीला सेकंदाच्या अंतराने, आणि पानं जागच्या जागी आहेत असं दिसत गेलं तर अंतर वाढवत एक मिनिटापर्यंत न्यायचं.

पुढचा नियम आम्हाला माणसांच्या कारभारातही हवासा वाटतो. एका हाकेवर पान हलत नाही. लांबच्या नोडवरून एकदा हात लागला तर कर्नल फक्त लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी पुन्हा त्याच नोडवरून हात आला, तरच पान तिकडे जातं. कारण एकदाचा हात वाट चुकलेला असू शकतो. दोन नोडांवरचे दोन प्रोग्राम एकच पान आळीपाळीने वापरत असतील, आणि दर हाकेला पान धावत सुटलं, तर पान वापरण्यापेक्षा वाहण्यातच वेळ जाईल. पान उचलणं स्वस्त नाही. कुलपं, चिठ्ठ्या, रद्द करायची टिपणं, नक्कल हा सगळा खर्च आधी होतो. पुढे ते पान बराच काळ तिथेच वापरलं गेलं, तरच तो वसूल होतो.

मग रुग्णालयाच्या सर्व्हरवर ही सोय बंद का होती? कारण ती झाकाझाक फुकट होत नाही. दर वेळी अडणं म्हणजे बारीकसा झटका. बहुतेक प्रोग्रामना तो जाणवतही नाही. पण तिथल्या काही यंत्रांना ठरलेल्या वेळात उत्तर मिळालं नाही की ती निकाल पुन्हा पाठवायला लागतात. म्हणून ज्याने ती सोय बंद केली, त्याने विचार करूनच केली होती. आमचं मत विचाराल तर, जिथे मशीन आणि मेमरीची जागा नेमून दिलेली आहे तिथे ती बंद असावी, आणि जिथे कोण कुठे बसेल याचा नेम नाही तिथे चालू असावी. मात्र बंद ठेवायची तर जागा नेमणाऱ्याने प्रोसेसर आणि मेमरी दोन्हींची जागा एकदमच नेमली पाहिजे. नुसती माणसं वर पाठवून चालत नाही.

पान हलवण्याची हीच कला आता दुसऱ्याही कामांना लागते. एखादी मेमरी चिप अधूनमधून चुका करायला लागली, तर तिच्यावरची पानं चांगल्या चिपवर नेऊन ती जागा वापरातून काढता येते. आणि 2021 मध्ये आलेल्या 5.15 या आवृत्तीपासून अशीही सोय झाली, की वेगवान मेमरी भरत आली की बराच काळ हात न लागलेली, थंड पडलेली पानं टाकून न देता हळू पण स्वस्त मेमरीच्या नोडवर उतरवायची. लग्नातल्या मोठ्या डेगा माळ्यावर जातात, तशी. क्रम मात्र तोच राहतो. कुलूप, चिठ्ठी, मोजणी, नक्कल, नवी ओळ.

त्या रात्रीनंतर आम्ही रुग्णालयाच्या मशीनची नोंद बदलली. आधीच्या नोंदीत तिची मेमरी नोड शून्यावर घ्यावी असं लिहिलेलं होतं. ते तसंच राहिलं असतं, तर जुनी पानं हलवूनही नवी पानं खालच्याच कोठीतून येत राहिली असती, आणि महिन्याभरात आम्ही पुन्हा लॅपटॉपसमोर बसलो असतो. आता प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही नोड एकवर आहेत. देखभालीच्या यादीतही एक ओळ वाढवली. प्रोसेसर हलवला असेल तर मेमरी कुठे आहे ते बघा.

साथ ओसरल्यावर एका रविवारी, आधी सगळ्यांना सांगून, मशीन बंद करून पुन्हा चालू केली. पुन्हा तपासलं तेव्हा ती मागे राहिलेली सहा एमबी नव्हती. तरी नोड शून्यावर थोडीशी पानं अजून दिसतात. ती दोन्ही बिऱ्हाडांच्या सामाईक लायब्रऱ्यांची आहेत. शेजारची मशीन आधी चालू झाली, तिचा हात आधी लागला, म्हणून ती तिच्याकडे आहेत. कधीतरीच वाचायची पानं ती, त्यांना आम्ही तिथेच राहू दिलं आहे.